उखर्डू नानांची तीट

पूर्व खानदेशात एखाद्या म्हाताऱ्याचं नाव उखर्डू असेल, तर त्याच्याआधी त्या घरातले दोन-तीन पाळणे रिकामे झालेले असणार, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. पोरं जगत नसली की नव्या पोराला नेऊन उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं ते उचलून आणायचं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. मग नाव ठेवायचं उखर्डू. वरून कोणी न्यायला आलंच, तर त्याला वाटावं, हा तर कचरा. कचरा कोण नेतं?

उखर्डू नानांच्या बाबतीत ही युक्ती जरा जास्तच लागू पडली. सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली, तरी त्यांना न्यायला कोणी आलेलं नाही. त्यांचे जोडीदार झिपरू आबा यांचंही तसंच. भाऊ वाचेनात म्हणून लहानपणी त्यांच्या डोक्याला कात्री लावली नव्हती, म्हणून झिपरू. आता डोक्यावर एक केस नाही, नाव तेवढं राहिलंय. दोघं रोज सकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर बसतात. "यमानं आपली नावं ऐकली, अन् त्याले किळस आली," असं झिपरू आबा म्हणतात. नाना हसत नाहीत. त्यांना ते खरंच वाटतं.

चांगलं दिसणं म्हणजे आपण होऊन बोलावणं धाडणं, हे नानांचं शास्त्र. मुक्ताईनगर तालुक्यात पूर्णेच्या काठाला त्यांची केळीची बाग आहे. घड कितीही भरलेले असोत, पानांवर रोगाचा एक डाग नसो, कोणी विचारलं की नानांचं उत्तर एकच, "औंदा करपा हाये." रस्त्याकडच्या ओळीत काळं मडकं टांगलेलं. नव्या ट्रॅक्टरला जुनी चप्पल. एकदा मुलानं, योगराजनं, घराला गुलाबी रंग दिला, तर नानांनी मागच्या भिंतीवर डांबराचा एक फटकारा ओढून ठेवला. योगराजनं तो तसाच राहू दिला. त्यालाही घरात दगडूच म्हणतात. योगराज हे नाव शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नानांची पहिली मुलगी मोहिनी. तिला उकिरड्यावर ठेवायचं नानांच्या मनात होतं, बायको ऐकेना. "इतकी गोरीपान पोरगी कचऱ्यात ठेवू? जीभ झडो तुमची!" नावही तिनंच ठेवलं. रस्त्यानं जाणारे थांबून त्या पोरीला पाहायचे. शाळेत जायच्या वयाची होत आली, तेव्हा ताप आला आणि तापातच गेली. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं. नानांना ते तेव्हाही लक्षात ठेवावंसं वाटलं नाही. त्यांना कारण ठाऊक होतं.

त्यामुळे योगराजला मुलगी झाली तेव्हा नाना तयारीत होते. पण सून लताबाई धुळ्याकडची, बोलायला फटकळ. तिनं नाव ऋतिका ठेवून टाकलं. आणि उकिरडा? तो गावात राहिलाच नव्हता. ग्रामपंचायतीनं घंटागाडी सुरू केली होती. नातीला क्षणभर घंटागाडीत ठेवा, असं म्हणायची नानांची हिंमत झाली नाही.

मग उरली तीट. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची वाटी पालथी घालायची, धरलेली काजळी घरच्या तुपात घोटायची आणि पितळी डबीत भरायची. रोज सकाळी उजव्या अंगठ्यानं नातीच्या उजव्या कानशिलावर एक काळा ठिपका. पाळण्यात होती तेव्हा लावला, बालवाडीत लावला, दहावीच्या परीक्षेला लावला. पोरगी मोठी झाली तशी त्यावर केस ओढून घ्यायला शिकली, पण कानशील पुढे करायचं कधी चुकली नाही. लताबाई म्हणायची, "नाना, पोरगी मोठी व्हई गई. आते तरी बस करा!" नाना डबी बंडीच्या खिशात टाकायचे आणि डेअरीच्या ओट्याकडे निघायचे.

अकरावीत ऋतिकाच्या तोंडावर पिंपल उठले. आधी कपाळावर बारीक पुरळ. मग गालांवर लाल, ठणकणारे, आत गाठ असलेले. हनुवटीवर तर एकावर एक. पोरगी आरशासमोर जायची आणि आरशाकडे पाठ करून वेणी घालायची.

गावात डॉक्टर कमी असतील, पण औषध सांगणारे घरटी दोन. कोणी म्हणे तुरटी, कोणी म्हणे लिंबू. एका मावशीनं टूथपेस्ट लावायला लावली. दुसऱ्या दिवशी त्या जागची साल निघाली. लताबाईनं तर खटला चालवून, सगळा दोष उष्णतेवर टाकून निकालच दिला. "बठ्ठी उष्णता शे. भरीत बंद!" आता थंडीचे दिवस, शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, सगळं घर गोल करून बसलेलं, आणि ही पोरगी एका कडेला दूधभात खातेय. तरी पिंपल वाढतच गेले. दूधभातावर कोणी संशय घेतला नाही.

नाना मात्र निवांत होते. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरं वाटत होतं. जे काम एका ठिपक्यानं व्हायचं, ते आता तोंडभर झालं होतं. एवढ्या डागांतून नजर शिरेल कुठून? "राहू दे गं," ते लताबाईला म्हणायचे, "पोरीले राखन हाये ते." त्यावर लताबाईनं हातातली पळी अशी काही आपटली, की नानांनी तो विषय पुन्हा घरात काढला नाही.

आपल्याकडे उन्हामुळे पोरी तोंडाला स्कार्फ बांधूनच बाहेर पडतात, डोळे तेवढे उघडे. त्यामुळे ऋतिका वर्गातही स्कार्फ सोडत नाही, हे फार दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग ती कॉलेजला जाईनाशी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, बारावी तोंडावर आली होती, आणि ही "डोकं दुखतं" म्हणून घरात. एका दुपारी नाना पाणी प्यायला आत आले, तर पोरगी चुलीपाशी एकटीच जेवायला बसलेली. तोंडाला स्कार्फ. घास घ्यायला खालून जरा वर करायची, की पुन्हा खाली.

नाना पाणी न पिताच बाहेर आले. राखण राखण म्हणून आपण ज्याला बसवलं, तो पोरीलाच जेवू देईना. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना आपल्या शास्त्राचा राग आला.

पण त्यांनी काही करायच्या आत पोरीनंच उपाय शोधला. एका मेडिकलमधून पांढरी ट्यूब आणली. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही, तिनं दाखवली नाही. दोन आठवड्यांत तोंड असं उजळलं, की बाया दारात येऊन विचारायला लागल्या, "काय लावतेस गं?" पोरगी हसायला लागली, कॉलेजला जायला लागली. आणि नानांची झोप उडाली. मोहिनीकडेही बाया अशाच दारात यायच्या. त्यांनी तिटेचा ठिपका दुप्पट मोठा केला.

ट्यूब संपली. दुसरी आणेपर्यंत मध्ये चार दिवस गेले आणि तोंड पेटलं. लालबुंद, खाजरं, बारीक फोडांनी भरलेलं, पहिल्यापेक्षा वाईट. पोरगी खाटेवर पालथी पडून रडत होती. नानांना वाटलं, झालं, लागली नजर! त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. आता नजर लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, हे लहान पोरालाही माहीत. इथं सगळं घर खोकून खोकून अंगणात आलं, गोठ्यातल्या म्हशीसुद्धा शिंकल्या. म्हणजे नजर नव्हती. नानांनी डोळे पुसत निर्णय दिला, "मिरचीच हायब्रीड हाये."

शेवटी आयत कामाला आली. आयत ही ऋतिकाची कॉलेजातली मैत्रीण; तिचं स्वतःचं तोंड दोन वर्षांपूर्वी असंच होतं. ती घरी येऊन लताबाईसमोर स्पष्टच बोलली, "मावशी, आता कोणाचं ऐकू नका. जळगावला मयुरी मॅडमकडे न्या. स्किनच्या डॉक्टर आहेत." योगराजची त्या दिवशी केळीची कटाई होती, लताबाईकडे कापूस वेचायला बाया यायच्या होत्या. नाना म्हणाले, "मी नेतो." सगळ्यांना नवल वाटलं. नानांच्या मनात भीती होती; डॉक्टरनं पोरगी एकदम साफ करून टाकली तर? आपण तिथं असलेलं बरं.

जळगावच्या त्या दवाखान्यात भिंतीवर चामडीचं उभं चित्र होतं. एकेक केस केळीच्या खांबाएवढा. मॅडमनी ऋतिकाला पाळी वेळेवर येते का विचारलं, तेव्हा नानांनी ते चित्र फार बारकाईनं पाहिलं. ट्यूबचं नाव ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. "यात स्टेरॉईड आहे. लावत असेपर्यंत छान वाटतं, सोडलं की तोंड असं उलटतं. ही आजपासून बंद."

मग त्यांनी नानांकडे खुर्ची वळवली. "आजोबा, कातडीखाली तेलाच्या ग्रंथी असतात. वयात आलं की अंगातल्या हार्मोन्समुळे त्या जोरात तेल सोडतात. वर छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचं बूच बसतं. तेल आत कोंडतं, जंतू वाढतात, सूज येते. तोच पिंपल. अस्वच्छ राहिल्यानं येत नाही, की पाप केल्यानं येत नाही."

नाना म्हणाले, "म्हंजे ठिबकची नळी."

"म्हणजे?"

"ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसला का पानी आत कोंडते. मंग आमी नळीत आसिड सोडतो. सुईनं कोचत नही. कोचलं का तो ड्रिपर कायमचा बाद."

"ऐकलंस?" मॅडम ऋतिकाला म्हणाल्या. "फोडायचे नाहीत. खड्डे पडतात."

ऋतिकानं मान हलवली. तिचे हात आपोआप मांडीखाली गेले.

"अन् भरीत?" नानांनी विचारलं. घरून निघताना लताबाईनं हा प्रश्न खास दिला होता.

"खाऊ द्या. फार गोडधोड आणि दुधानं काहींचे वाढतात. वांग्यानं अजून कोणाचं वाकडं केलेलं नाही."

नानांना दूधभात आठवला. 

मॅडम पुन्हा भिंग घेऊन तोंड पाहायला लागल्या. कपाळ पाहिलं, गाल पाहिले. उजव्या कानशिलाशी येऊन थांबल्या. केस बाजूला केले. तिथं काळ्या टोकांच्या पुटकुळ्यांचा एक दाट पुंजका होता, रुपयाएवढा. डावं कानशील पाहिलं, ते स्वच्छ.

"एकाच बाजूला एवढे कसे? इथं काय लावतेस तू?"

ऋतिका फरशीकडे पाहत म्हणाली, "काही नाही, मॅडम."

नानांनी वळून तिच्याकडे पाहिलं. पोरगी आपल्यासाठी खोटं बोलली. स्वतःच्या तोंडाचा असा इस्कोट झालेला, डॉक्टरसमोर बसलेली, आणि म्हणते काही नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून पितळी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी लावतो. तीट. नजरेले."

मॅडमनी डबी उघडली. वास घेतला, बोटावर जरा घोळवून पाहिलं. "तूप?"

"घरचं. अन् एरंडेलाची काजळी."

"कधीपासून लावता?"

"जलमली तवापासून."

मॅडम हसल्या नाहीत, यासाठी नाना त्यांना जन्मभर चांगलं म्हणणार आहेत. त्यांनी डबीचं झाकण नीट लावलं. "काजळ चांगलं आहे, आजोबा. पण हे तेलकट बूच तुम्ही रोज सकाळी त्याच जागी बसवत होतात."

"म्हंजे हे मीच केलं?"

"सगळं नाही. बरंचसं वयाचं आहे, काही त्या ट्यूबचं आहे. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरतं, त्याचंही आहे. पण कानशिलाचं हे एवढं तुमचं."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात. नजर चुकवायला लावलेल्या ठिपक्यानंच पोरीला नजर वर करू दिली नाही. नाना बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक इनंती हाये. सारे नोका काढू. एक राहू द्या."

"एक पिंपल?"

"आता मले तीट लावता येनार नही. मंग एक तरी राहू द्या. कुठीही चालंल."

ऋतिकानं ओढणीत तोंड लपवलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, एवढं माझ्या हातात असतं तर काय हवं होतं? हे ठेव म्हटल्यानं राहत नाहीत आणि जा म्हटल्यानं जात नाहीत. पण काळजी करू नका. मी कितीही केलं तरी एखादा डाग उरतोच."

नानांनी ते वचनच मानलं.

परतीच्या एसटीत भुसावळ मागे पडलं. मग ऋतिका खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मी नव्हतं सांगितलं, नाना."

"मले माहीत हाये."

"मग तुम्ही काहाले सांगितलं?"

"खोटं बोलून दवाई लागत नही," नाना म्हणाले.

उपचार असा, की त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच त्यातली कठीण गोष्ट. साध्या फेसवॉशनं दोन वेळा तोंड धुवायचं, रगडायचं नाही. रात्री वाटाण्याएवढी जेल, सगळ्या तोंडाला पातळ. सकाळी दुसरं मलम, बाहेर निघताना उन्हाचं क्रीम, सुरुवातीला काही आठवडे गोळ्या. फरक दिसायला दोन-तीन महिने, मॅडमनी आधीच बजावलं होतं. गावाला इतका धीर नसतो. आधी तर पिंपल थोडे वाढलेच. बाया म्हणाल्या, "एवढे पैसे घालून हे?" सकाळच्या मलमानं लताबाईचा नवा टॉवेल रंग उडून ठिकठिकाणी पांढरा झाला. "हाऊ टावेल देखा!" ती अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला दाखवत होती. नाना चरकले. केळीचा चीक कपड्याला लागला तर जन्मात जात नाही, आणि हे औषध कापडाचा रंगच खातंय. पण ऋतिकानं मॅडमना फोन करून विचारलं, तर म्हणे कापडाचा जातो, कातडीला काही होत नाही. 

खरी पंचाईत त्यांच्या अंगठ्याची झाली. इतक्या वर्षांची सवय; सकाळ झाली की तो आपला डबीत जायचा. मग कुठंतरी टेकवावा लागायचा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशी गत. ऋतिकाच्या सायकलीच्या घंटीवर तीट लागली. तिच्या दप्तरावर लागली, चपलेवर लागली, भिंतीवरच्या फोटोवर लागली. एकदा झिपरू आबांच्या टकलावर लागली. "अरे, मले काहाले? मले कोन पाह्यते?" आबा ओरडले. "काई सांगता येत नही," नाना म्हणाले.

बारावीची परीक्षा ऋतिकानं स्कार्फ न बांधता दिली. उन्हाळा संपेपर्यंत तोंड निवळलं होतं. गालांवर फिकट डाग, कानशिलाशी दोन बारीक खड्डे, बाकी चामडी शांत. धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला. बाया पुन्हा दारात यायला लागल्या. "पोरीचं रूप काय उघडलं, नाही?" नाना आतून ओरडायचे, "करपा हाये!"

आणि त्यातच तिला ताप आला.

पहिल्या दिवशी नानांनी काही मनावर घेतलं नाही, असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरेना तेव्हा योगराजनं तिला मुक्ताईनगरला दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं. नाना खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. उशीवर ते तोंड, तापानं तांबूस, नितळ. मोहिनीचंही असंच दिसलं होतं. नानांना भीती वाटत होती.  डबी खिशात होती. केव्हा उघडली आणि केव्हा अंगठा आत गेला, हे त्यांचं त्यांना कळलं नाही. अंगठा काळा करून ते कानशिलाकडे वाकले.

शेजारी भेटायला आलेले झिपरू आबा उभे होते. हळूच म्हणाले, "लाव ना. कोन पाह्यते?"

कोणी पाहत नव्हतं. पोरीचे डोळे मिटलेले. पण त्या कानशिलावर ते दोन खड्डे होते, आणि नानांना ते दिसत होते. आपली भीती या पोरीनं किती वर्षं तोंडावर वागवली! आपल्याला झोप लागावी म्हणून रोज तिच्या कातडीत बूच. नाना मागे सरकले. काळा अंगठा त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला आणि दिवसभर तसाच धरून बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. लताबाई जेवण घेऊन आली, तिलाही मूठ सोडून दाखवली नाही.

ताप साधा होता. उतरला. डॉक्टर म्हणाले, सध्या साथच आहे. तीट न लावता एक पोरगी तापातून उठली, ही गोष्ट नानांनी कोणालाच सांगितली नाही. काही दिवस ते स्वतःशीच ती उलटून पालटून पाहत होते.

धुळ्याला जायच्या दिवशी मुक्ताईनगरच्या स्टँडवर सगळे आले. योगराजनं बॅगा गाडीत ठेवल्या, लताबाई माहेरच्या नातेवाइकांचे पत्ते सांगत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. ऋतिका उघड्या तोंडानं उभी होती. स्कार्फ बॅगेत. नानांना वाटलं, सगळ्या स्टँडला आज दुसरं कामच नाही. रसवंतीवाला पाहतोय, कंडक्टर पाहतोय, अकोल्याच्या गाडीत बसलेले लोक वाकून पाहतायत.

"नाना," ऋतिका म्हणाली, "डबी आणली का?"

"नही तं."

"खोटं बोलून दवाई लागत नही."

नानांनी डबी काढली. तिनं स्टँडच्या सिमेंटच्या बाकाला टेकून उजवी चप्पल काढली आणि पाय वर केला. "आठी लावा. तयपायाले."

"पायाले?"

"तयपायाले तेलाची ग्रंथीच नसते. आठी कधीच पिंपल येत नही. मी मॅडमला फोन करून विचारलं."

नाना वाकून तळपाय पाहायला लागले. मॅडमला असल्या गोष्टीसाठी कोणी फोन करतं?

"तापात तुम्ही दिवसभर मूठ धरून बसले होते," ती म्हणाली. "मी जागी होते, नाना."

चारचौघांत, भर स्टँडवर, सत्तरी ओलांडलेला माणूस नातीच्या पायाशी उकिडवा बसला. लताबाईनं तोंडाला पदर लावला. झिपरू आबा उगीचच दुसऱ्या गाडीची पाटी वाचायला लागले. नानांनी एका हातानं तिची टाच धरली, अंगठा डबीत बुडवला आणि तळपायाच्या बरोबर मध्ये एक ठिपका लावला. चांगला मोठा. इतक्या महिन्यांचा साचलेला.

गुदगुल्या होऊन पोरगी खळखळून हसली, तोंड वर करून, सगळ्या स्टँडसमोर. नानांनी या खेपेला आजूबाजूला कोण पाहतंय ते पाहिलं नाही. त्यांनी फक्त तिच्याकडे पाहिलं.

धुळ्याची गाडी सुटली. झिपरू आबांनी अंगठा पुसायला आपला रुमाल पुढे केला. नाना म्हणाले, "राहू दे."